बिडाच्या जुन्या शेगड्या : शोध आणि पारख

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना हंसूं आलें असेल. जेथें थंडी म्हणजे फार तर एका जादा पांघरुणाचा प्रश्न, अशा कोल्हापुरांत ज्याचें आयुष्य गेलें त्या शाळामास्तरानें अमेरिकेंतील बिडाच्या जुन्या शेगड्यांविषयीं बोलावें, हें जरा विचित्रच. परंतु त्याला दोन कारणें आहेत. पहिलें असें कीं, आपल्या मध्यमवर्गीय घरांतील मुलें आतां मोठ्या संख्येनें थंड मुलुखांत संसार थाटून राहिलीं आहेत, आणि त्या मुलुखांत शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींची शेगडी हुडकून आणून ती दिवाणखान्यांत पेटविण्याची हौस पुष्कळांना असते. दुसरें कारण माझें स्वतःचें आहे. अशी एक शेगडी निवडण्याच्या कामीं मीं मोठ्या आत्मविश्वासानें मत दिलें, तें चुकलें, आणि ती चूक एका रात्रीं माझ्या झोंपलेल्या नातवाच्या उशाशीं येऊन उभी राहिली. शाळेंत चुकलेलें गणित पुसून पुन्हां मांडतां येतें. हें गणित तसें नव्हतें. म्हणून त्याची रीत आज नीट सांगावी, असा माझा हेतु आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवूं. 'शेगडी' म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कोळशाची बुटकी शेगडी येते, आणि 'स्टोव्ह' म्हटलें कीं घासलेटचा फुरफुरणारा पितळी स्टोव्ह. मी जिच्याविषयीं बोलणार आहें ती या दोहोंहून निराळी. ती चार पायांवर उभी असते, चारी बाजूंनीं बंद असते. तिला दारें असतात, झडपा असतात, आणि पाठीमागून निघालेली धुराची नळी धुराड्यांत जाते. लहानांतली लहानही एकट्या माणसाला सहज हलत नाहीं, आणि स्वैंपाकाची मोठी असली तर तिचें वजन चारपांचशें पौंड भरतें. ही सारी ओतीव लोखंडाची, म्हणजे आपल्या भाषेंत बिडाची. बीड हा पदार्थ आपल्या गृहिणींना नवा नाहीं. आंबोळ्यांचा जाड तवा बिडाचाच असतो. तो एकदां तापला कीं बराच वेळ ऊब धरून ठेवतो, हें त्यांना ठाऊक आहे. आणि हातांतून फरशीवर पडला तर तो चेमटत नाहीं, फुटतो, हेंही ठाऊक आहे. बिडाच्या शेगडीचें सारें शास्त्र या दोन गोष्टींत आलें. पुढें मी जें सांगणार, तो याचाच विस्तार होय.

शुद्ध लोखंड वितळावयास १५३८ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. त्यांत शेंकडा दोन ते चार इतका कार्बन असला, कीं तें पुष्कळच कमी आंचेवर, साधारणपणें १२०० अंशांच्या आसपास, रस होऊन वाहूं लागतें. हा रस पातळ असतो. वाळूच्या सांच्यांत तो पानाफुलांच्या नक्षीच्या कानाकोपऱ्यांत शिरतो, आणि थंड झाल्यावर ती नक्षी जशीच्या तशी उठून दिसते. म्हणूनच बिडाच्या वस्तू सुबक होत आणि एकाच नमुन्यावरून शेंकड्यांनीं निघत. परंतु ज्या कार्बनानें ओतकाम सोपें केलें, त्यानेंच बिडाला ठिसूळपणाही दिला. बीड दाब सोसतें. ताण सोसत नाहीं. एक भाग लाल झाला आणि शेजारचा थंड राहिला, किंवा तापलेल्या पृष्ठावर थंड पाणी सांडलें, कीं तडा गेलाच म्हणून समजावें. आपल्याकडे किर्लोस्करवाडीस १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना उभारला तो याच ओतकामाच्या आधारावर. आणि आज कोल्हापूरच्या परिसरांत ओतकामाचे कारखाने पुष्कळ आहेत. त्यांतील एका कारखान्यांत माझा एक जुना विद्यार्थी ओतारी आहे. त्याचा उल्लेख पुढें यावयाचा आहे.

आतां थोडा इतिहास. शेगडीचें वय ओळखावयास आणि विकणाराच्या गोष्टींपैकीं किती खऱ्या मानाव्या हें ठरविण्यास तो उपयोगी पडतो.

अठराव्या शतकांत अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत जर्मन वसाहतवाले येऊन राहिले. त्यांची शेगडी म्हणजे बिडाचे पांच पत्रे जोडून केलेली पेटी. बैठकीच्या खोलींत तिला तोंडच नसे. पलीकडच्या खोलींतील चुलाण्यांतून भिंतीतल्या भोंकावाटे तिच्यांत विस्तव लोटीत. पत्र्यांवर बायबलांतील प्रसंग ओतलेले असत. कोठें आदम आणि ईव्ह, कोठें काइन आणि एबल, कोठें काना गांवचें लग्न. शेकतां शेकतां पुराण घडावें, अशी ही योजना! हेन्री मर्सर नांवाच्या संशोधकानें या पत्र्यांवर १९१४ सालीं एक ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या नांवाचें संग्रहालय डॉइल्सटाउन या गांवीं आहे. असे पत्रे पाहावयाचे. पेटविण्यासाठीं विकत घ्यावयाचे नव्हत.

बेंजामिन फ्रँक्लिन यांचें नांव आपणांस विजेच्या प्रयोगांमुळें परिचित आहे. उघड्या चुलाण्यांतील बहुतेक उष्णता धुराबरोबर आकाशांत जाते, ही त्यांची तक्रार होती. त्यांनीं आपल्या शेगडीची रचना १७४४ सालीं एका पुस्तिकेंत छापून जाहीर केली, आणि प्रांताच्या गव्हर्नरानें देऊं केलेलें पेटंट नाकारलें. लोकोपयोगी वस्तु लोकांना मोकळी असावी, ही त्यांची भूमिका. आज बाजारांत 'फ्रँक्लिन स्टोव्ह' म्हणून जी दाखवितात ती बहुधा पुढच्या शतकांतील, समोरून उघडी अशी शेगडी असते. नांव थोर, पण बंद शेगडीइतकी ऊब तिच्यापासून मिळत नाहीं, हें घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

एकोणिसाव्या शतकांत या धंद्याचें माहेरघर न्यू यॉर्क राज्यांतील ऑल्बनी आणि ट्रॉय हीं हडसन नदीकांठचीं दोन शहरें झालीं. तेथें सांच्याला योग्य अशी अत्यंत बारीक वाळू मिळे, नदीनें लोखंड येई, आणि १८२५ सालीं ईरी कालवा खुला झाल्यावर तयार माल पश्चिमेकडे रवाना करणें सोपें झालें. १८३४ सालीं फायलो स्ट्यूअर्ट यानें 'ओबर्लिन' नांवाच्या स्वैंपाकाच्या शेगडीचें पेटंट घेतलें. हा गृहस्थ ओबर्लिन कॉलेजच्या संस्थापकांपैकीं एक. शिक्षकाला शेगडीचें वेड लागण्याचें उदाहरण मीच पहिलें नव्हे, हें पाहून मला समाधान वाटलें!

पुढें पेन्सिल्व्हेनियाच्या खाणींतला अँथ्रसाइट नांवाचा कठीण कोळसा घरोघर येऊं लागला. त्याच्यासाठीं एक निराळीच शेगडी निघाली. तिच्या मध्यभागीं कोळशाची कोठी असे. खालचा कोळसा जळेल तसा वरचा आपोआप उतरे, आणि दारांना अभ्रकाचीं पारदर्शक पानें लावलेलीं असल्यामुळें खोलीभर तांबूस प्रकाश पडे. १८७० नंतर निकेलच्या मुलाम्याचे मुकुट, पट्ट्या आणि पाय दिसूं लागले. शतकाच्या शेवटीं शेवटीं ही नक्षी इतकी वाढली कीं शेगडी आहे कीं देव्हारा, असा प्रश्न पडावा. पुढें रूप साधें होत गेलें, आणि १९२० नंतरच्या शेगड्यांवर पांढऱ्या, हिरवट अशा रंगाचें एनॅमल आलें. अशा रीतीनें नुसत्या वेषावरूनही वयाचा अंदाज बांधतां येतो.

कारखान्याचें नांव बहुधा दारावर किंवा पुढील पट्टीवर ओतलेलें असतें. मॅसॅच्युसेट्समधील टॉन्टन येथें १८७९ सालीं स्थापन झालेल्या वीअर कंपनीची 'ग्लेनवुड', मिशिगनमधील डोवॅजिॲक येथील 'राउंड ओक', सेंट लुइसची 'चार्टर ओक' हीं नांवें अजून मानानें घेतलीं जातात. डेट्रॉइटच्या मिशिगन स्टोव्ह कंपनीनें तर १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनासाठीं पंचवीस फूट उंचीची प्रचंड 'गार्लंड' शेगडी उभी केली. लोक तोंडांत बोट घालून पाहात. गंमत अशी कीं, ती शेगडी लोखंडाची नव्हतीच. ओकच्या लांकडाची कोरलेली होती, आणि वरून रंग दिलेला होता! २०११ च्या ऑगस्टमध्यें तिच्यावर वीज पडली आणि ती जळाली. शेगडी आगीनें जळून गेल्याचें हें उदाहरण ऐकून आपण हंसूं. परंतु वरच्या रंगावर भुलणाऱ्यानें तें विसरूं नये. मी विसरलों होतों.

गॅस, वीज आणि तळघरांतील मध्यवर्ती भट्टी आल्यावर या शेगड्यांची सद्दी संपली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत भंगार लोखंड गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, तेव्हां कित्येक शेगड्या मोडींत गेल्या. ज्या उरल्या त्या कोठारांत, तळघरांत, गोठ्यांत पडून राहिल्या. आज शोधणाराला त्या तेथेंच सांपडतात : शेतवाडीच्या लिलावांत, जुन्या घरांचें सामान विकणाऱ्या वखारींत, आणि न्यू इंग्लंडमध्यें शेगड्यांचा जीर्णोद्धार हाच ज्यांचा धंदा आहे अशा कारागिरांकडे.

आतां माझी हकीकत.

माझी मुलगी आणि जांवई पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील डोंगराळ भागांतील एका खेड्यांत राहतात. त्यांचें घर तेलाच्या भट्टीनें गरम होतें. परंतु ती भट्टी चालावयास वीज लागते. २००८ च्या डिसेंबरांत त्या राज्यांत बर्फाचें वादळ झालें, झाडें आणि तारा बर्फाच्या भारानें मोडून पडल्या, आणि कांहीं गांवीं दिवसच्या दिवस वीज नव्हती. तेव्हांपासून विजेवांचून चालेल अशी एक शेगडी घरांत असावी, असें तेथील शहाणे लोक मानतात. मी गेलों त्या वर्षीं आमच्या घरींही तोच बेत ठरला. शेजारच्या शहरांतील जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याकडे आम्ही तिघे गेलों. दोन शेगड्या पाहिल्या. एक साधी, बसकी आणि गंजलेली. दुसरी दिवाणखान्याची : काळी कुळकुळीत, डोक्यावर निकेलचा मुकुट, दाराला अभ्रक. "दुरुस्त करून अगदीं नव्यासारखी केली आहे," असें व्यापारी म्हणाला. मुलीनें विचारलें, "बाबा, तुम्हांला कोणती पसंत आहे?" मीं क्षणाचाही विलंब न लावतां मुकुटवालीकडे बोट दाखविलें. वडील माणसाचा शब्द म्हणून तो मानला गेला.

शेगडी रीतसर बसविली. नळी, धुराडें, भिंतीपासूनचें अंतर, सारें जाणत्या माणसानें पाहिलें. पण शेगडीच्या पोटांत कोणीच पाहिलें नाहीं. जानेवारींत कडाका पडला. रात्रीं निजतांना झडप लावून आम्ही विस्तव मंद करीत असूं. दोन दिवस सकाळीं नातू डोकें दुखतें म्हणत होता. आम्ही तें सर्दीवर ढकललें. त्याची खोली नेमकी शेगडीच्या वर होती. तिसऱ्या रात्रीं तीनच्या सुमारास घरांतील विषारी वायूची सूचना देणारें यंत्र किंचाळूं लागलें. खिडक्या उघडल्या, मुलाला ब्लँकेटांत गुंडाळलें, आणि आम्ही चौघे बर्फांत जाऊन उभे राहिलों. आगीचा बंब आला. मुलाला इस्पितळांत नेऊन कांहीं तास प्राणवायु द्यावा लागला. तो बरा झाला, हें प्रथमच सांगतों, म्हणजे आपला जीव टांगणीला लागणार नाहीं. परंतु त्या यंत्राची घंटा वाजली नसती तर काय झालें असतें, या विचारानें पुढें कित्येक रात्रीं माझा डोळा लागला नाहीं.

उजाडल्यावर शेगडी थंड करून आंतलें अस्तर काढलें. विस्तवाच्या कोठ्याच्या पाठीमागील पत्र्याला वीतभर उभा तडा होता. त्यांत लुकणासारखें कांहीं भरून वरून शेगडीचें काळें पॉलिश चोपडलें होतें. आंच लागतांच तें वाळून गळून पडलें होतें. दिवसां जाळ मोठा असे, धुराड्याची ओढ जोरांत असे, आणि तड्यांतून बाहेरची हवा आंत जाई. तेव्हां कांहींच कळलें नाहीं. रात्रीं विस्तव मंदावला, ओढ कमी झाली, आणि त्याच वाटेनें कार्बन मोनॉक्साइड बाहेर पाझरूं लागला. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. म्हणूनच तो घातकी.

जांवयांनीं मला एका शब्दानें दोष दिला नाहीं. त्यामुळें तो अधिकच लागला. त्या आठवड्यांत मीं कोल्हापुरास माझ्या त्या ओतारी विद्यार्थ्याला फोन केला आणि सारें सांगितलें. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, आपण कुंभाराकडून मडकें घेतांना टिचकी मारून घेतों. शेगडी वाजवून नाहीं का पाहिलीत?"

श्रोतेहो, ज्या माणसानें त्याला सहा वर्षें पदार्थविज्ञान शिकविलें, त्याला त्यानें एका वाक्यांत धडा दिला. माझी आजी निरक्षर होती. पण चार मडकीं वाजविल्यावांचून तिनें पांचवें घेतलें नाहीं. तीच परीक्षा येथें करावयाची. ती कशी, हें आतां क्रमानें सांगतों.

घरांतून निघण्यापूर्वींच आपणांस काय हवें तें ठरवावें. खोली तापवावयाची आहे, कीं स्वैंपाकही करावयाचा आहे? लांकूड जाळणार, कीं कोळसा? कोळशाला खालून वारा लागतो आणि राख झाडण्यासाठीं हलणारी जाळी लागते. लांकूड राखेच्या थरावरही सुखानें जळतें. मध्यभागीं कोठी असलेली अभ्रकाची सुंदर शेगडी अँथ्रसाइटसाठीं बांधलेली आहे. तिच्यांत लांकूड घालून चालणार नाहीं. ज्याच्या गांवीं तो कोळसा मिळत नाहीं, त्यानें ती पाहून हात जोडावे आणि पुढें जावें.

मग पहिली परीक्षा कानाची. शेगडी पूर्ण थंड असतां तिचीं झांकणें, जाळ्या आणि सुटे होणारे भाग काढून, एकेक बोटांवर अधांतरीं धरून, लांकडी दांड्यानें हलकेंच वाजवावें. सबंध बीड घंटेसारखें घुमतें. तडकलेलें बद्द वाजतें. जे भाग बोल्टांनीं जखडलेले असतात त्यांचा नाद कांहींसा दबतो. म्हणून त्यांवर एकाच ठिकाणीं न ठोकतां सर्वत्र ठोकून नाद कोठें बदलतो तें ऐकावें.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. पण त्यासाठीं अंधार हवा. खोलीचे दिवे मालवून विस्तवाच्या कोठ्यांत एक प्रखर विजेरी ठेवावी, दारें लावावीं, आणि बाहेरून चोहोंकडे फिरून पाहावें. सांध्यांतून बारीक उजेड दिसला तर फारसें बिघडत नाहीं. सांधे उकलून भट्टीच्या सिमेंटानें पुन्हां भरतां येतात. परंतु पत्र्याच्या मधोमध उजेडाची रेघ दिसली, तर ती शेगडी तेथेंच ठेवून यावें. ज्या शेगडीवर ताजें पॉलिश आहे, तिची ही परीक्षा दोनदां करावी. गंज प्रामाणिक असतो. पॉलिश नेहमींच असतें असें नाहीं.

तिसरी परीक्षा हाताची. विस्तवाचा कोठा आंतून बिडाच्या किंवा विटांच्या अस्तरानें मढविलेला असतो. हें अस्तर झिजण्यासाठींच असतें. तें फुटलेलें असलें तर नवें घालतां येतें. पण तें काढून पाठीमागचा मूळ पत्रा पाहण्याची परवानगी मागावी. जो विकणारा ती देत नाहीं, त्याच्याकडून घेऊं नये. आमच्याकडून नेमकी हीच गोष्ट राहिली. स्वैंपाकाची शेगडी असेल तर ओव्हनच्या आंत हात घालून वरचा पत्रा आणि विस्तवाकडील बाजू चांचपावी. धूर ओव्हनच्या डोक्यावरून जातो, बाजूनें उतरतो, तळाखालून फिरतो आणि मग नळींत शिरतो. म्हणून हे दोन भाग आधीं जळून पातळ होतात. तेथें भोंक पडलें कीं भाकरीला धुराचा वास आलाच.

चौथी परीक्षा दारांची. कागदाची पट्टी दाराच्या फटींत धरून दार लावावें आणि पट्टी ओढावी. ती सगळीकडून सैल निघाली तर एक तर बिजागरीची खीळ झिजली आहे, किंवा दार आंचेनें वांकलें आहे. खीळ चार पैशांत बदलते. वांकलेलें दार सरळ होत नाहीं. दार जर नीट बसत नसेल तर वाऱ्यावर ताबा राहात नाहीं, आणि वाऱ्यावर ताबा नाहीं म्हणजे विस्तवावर ताबा नाहीं.

पांचवी परीक्षा मोजदादीची. झांकणें, तीं उचलण्याची मूठ, जाळी, ती हलविण्याचा दांडा, राखेचा खण, झडपा, पाय, हें सारें जागच्या जागीं आहे काय? 'हा भाग कोठूनही ओतून मिळेल' असें सांगतात, तें अर्धेंच खरें. बीड थंड होतांना फुटामागें सुमारें एक अष्टमांश इंच आकसतें. मूळ कारखानदार नमुना तेवढा मोठा करीत. आपण जुना भागच नमुना म्हणून वाळूंत दाबला, तर त्यावरून निघणारा नवा भाग तितका लहान भरतो. दोन फूट लांबीला पाव इंच. लहानशा मुठीला तें चालतें, दाराला किंवा कोठ्याच्या पत्र्याला चालत नाहीं. ज्यांच्या पुष्कळ विकल्या गेल्या अशा शेगड्यांचे जुने अस्सल भाग अजून मिळतात. म्हणून नवशिक्यानें दुर्मिळ शेगडीच्या मागें न लागतां जी त्या मुलुखांत पुष्कळ होती तीच घ्यावी.

तडा सांधतां येत नाहीं काय, असें कोणी विचारील. येतो. सबंध भाग तापवून, निकेलच्या सळईनें जोड देऊन, सावकाश थंड करीत आणण्याची ती कला आहे. पायाचा, कपाटाचा, नक्षीच्या पट्टीचा तडा अशा रीतीनें खुशाल सांधावा. पण विस्तवाशीं ज्याची रोजची गांठ, त्या पत्र्यावरच्या जोडाचा भरंवसा धरूं नये. तो पत्रा बदलावा. आणखी एक सावधगिरी : जुन्या शेगड्यांच्या सांध्यांत आणि पाठीमागच्या तावदानांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. तें आपल्या हातानें कोरडें खरवडूं नये.

निकेल, अभ्रक, मुकुट यांची परीक्षा सर्वांत शेवटीं. अभ्रकाचीं पानें नवीं मिळतात. निकेलचा मुलामा पुन्हां देतां येतो, मात्र तो महाग पडतो. शोभा नंतर विकत घेतां येते; सबंधपणा घेतां येत नाहीं.

शेगडी घरीं आणल्यावरही काम संपत नाहीं. तेथील घरें लांकडाचीं. जिला कोणत्याही प्रयोगशाळेचें प्रमाणपत्र नाहीं अशी शेगडी जळाऊ भिंतीपासून छत्तीस इंच, आणि एकेरी पत्र्याची नळी अठरा इंच दूर असावी, असा तिकडचा दंडक आहे. खालीं न जळणारी फरशी हवी. नगराची परवानगी घ्यावी आणि विमा कंपनीला कळवावें. धुराड्यांत डांबरासारखी काजळी सांचते आणि ती पेट घेते, म्हणून दरसाल धुराडें झाडून घ्यावें. राख झांकणाच्या लोखंडी डब्यांत भरून घराबाहेर ठेवावी. तींतील निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. आणि विषारी वायूची सूचना देणारें यंत्र निजण्याच्या खोल्यांजवळ असावेंच असावें. ज्या यंत्रामुळें माझा नातू आज शाळेंत जात आहे, त्याची किंमत शेगडीच्या मानानें कांहींच नव्हती.

एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. अमेरिकेंत नव्या लांकडी शेगड्यांच्या धुरावर १९८८ पासून मर्यादा आहे. जुन्या शेगड्या त्या मानानें धूर अधिक करतात आणि लांकूडही अधिक खातात. ऑरेगन, वॉशिंग्टन यांसारख्या पश्चिमेकडील राज्यांत प्रमाणपत्र नसलेल्या शेगड्यांवर निर्बंध आहेत. तेव्हां घेण्यापूर्वीं आपल्या राज्याचा कायदा विचारून घ्यावा. दाट वस्तींत राहणाऱ्यानें तर शेजाऱ्याच्या नाकाचाही विचार करावा.

आमची दुसरी शेगडी एका शेतकऱ्याच्या कोठारांत मिळाली. साधी ग्लेनवुड, स्वैंपाकाची. वर कोंबड्या बसत होत्या. मीं खिशांतून लांकडी दांडा काढला तेव्हां तो शेतकरी हंसला, आणि स्वतःच एकेक झांकण उचलून माझ्या हातीं देऊं लागला. सारीं घुमलीं. अंधार करून विजेरी लावली; रेघ दिसली नाहीं. शेवटीं त्यानेंच वरच्या फळीचा एक आधार दाखवून सांगितलें, "हा मात्र तडकलेला आहे." हें ऐकून माझा उरलासुरला संशय गेला. जो आपल्या मालाचें वैगुण्य आपण होऊन दाखवितो, त्याच्याकडून वस्तु घेण्यास हरकत नाहीं. तो आधार सांधून घेतला. पहिले कांहीं दिवस लहान लहान जाळ करून बीड सावकाश संवयीला लावलें, आणि मग त्या शेगडीवर मुलीनें पहिल्या प्रथम आंबोळ्या केल्या. त्या वेळीं मात्र मीं कोणतेंही मत दिलें नाहीं, फक्त खाल्ल्या.

तेव्हां आपलीं मुलें परदेशीं अशी एखादी शेगडी घेण्याच्या विचारांत असतील, तर त्यांना माझा येवढाच निरोप पत्रानें किंवा फोननें अवश्य कळवा : आपल्या घरांत मडकें जसें घेतात तशी शेगडी घ्या. आधीं वाजवा, मग आंत पाहा, मग मोजा. आणि नक्षीकडे सर्वांत शेवटीं वळा.